नव्या रानात पोरं रमतात कशी?

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे. अमेरिकन लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डर आणि तिची मुलगी रोझ यांच्या गोष्टी तिनं सुट्टीत वाचून काढल्या. आता एकच घोषा लावलाय : आईबापांसोबत बंडीत बसून अनोळखी रानात आलेली पोरं आपल्याकडे होती का? ती तिथं रमली कशी? आमचे सासरे म्हणतात, आपलं घराणंही कधीकाळी वर्धा नदीपलीकडून इकडे आलं. यात तथ्य असेल का?
– एक वाचक, आंजी (मोठी), जि. वर्धा

उत्तर : सासऱ्यांचं म्हणणं सहज उडवून लावू नका. नदीपलीकडून, म्हणजे वऱ्हाडातून आल्याची आठवण वर्धा जिल्ह्यातल्या पुष्कळ शेतकरी घरांत आहे, आणि इतिहास तिच्या बाजूनं आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद यानं १७०२ च्या सुमारास नागपूर वसवलं आणि शेतकरी, कारागिरांना बोलावून या मुलखात बसवलं. पुढे भोसल्यांच्या काळात हा ओघ वाढला. मराठी राज्यकारभारात पडीक जमीन उठवायची तर कौल मिळायचा. पहिली काही वर्षं सारा नावापुरता, मग दरसाल थोडा चढता. त्याला इस्तावा म्हणत. पेंढाऱ्यांच्या धाडींत आणि लढायांत उठलेली गावं पुन्हा वसली ती अशाच कौलांवर. उजाड गावाच्या जागेला आपल्याकडे अजून रीठ म्हणतात. महसुली नोंदींत असे रिठी मौजे आजही सापडतात, जिथं शिवार आहे पण एक घर नाही. म्हणजे गावं उठत होती तशी बसतही होती, आणि दोन्ही वेळा बंडीत पोरं होतीच.

१८०३ च्या देवगावच्या तहानं वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला आणि नदी ही राज्यांची हद्द झाली. त्यानंतर नदी ओलांडणं म्हणजे एका सरकारातून दुसऱ्यात जाणं. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून बंडी पार व्हायची, पण पलीकडचा सारा वेगळा, अंमलदार वेगळा.

तुमच्या मुलीला वर्षांचा एक योगायोग आवडेल. अमेरिकेत १६० एकर जमीन पाच वर्षं कसून दाखवणाऱ्याला मालकीनं देणारा होमस्टेड कायदा १८६२ चा. आपला वर्धा जिल्हा नागपूरमधून वेगळा काढला तोही १८६२ साली. लॉरा जन्मली १८६७ मध्ये, आणि मुंबईहून निघालेली रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली तीही त्याच वर्षी. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस अडला, इथल्या हिंगणघाटच्या बनी कापसाला भाव चढला आणि जी जमीन गवतात पडून होती तिच्यात नांगर गेला. त्या युद्धानं तिकडची घरं हलवली तशी इकडचीही हलवली.

इथं साम्य संपतं. रोझ सात वर्षांची असताना, १८९४ च्या जुलैत, तिचे आईवडील डाकोटातल्या दुष्काळाला कंटाळून गाडी जुंपून निघाले आणि ऑगस्टअखेर मिसूरीत मॅन्सफील्डला पोचले. त्यांनी घेतली ती चाळीस एकर दगडाळ जमीन त्यांच्या नावावर झाली. आपल्याकडे १८६० च्या दशकातल्या महसुली बंदोबस्तात मालकी मिळाली ती मालगुजाराला, म्हणजे गावचा सारा सरकारात भरणाऱ्याला. रान मोडणारा बाप बहुतेक वेळा कूळच राहिला. काहींना कायम कुळाचे हक्क मिळाले, बाकीच्यांची भिस्त मालगुजाराच्या मर्जीवर. मालगुजारी गेली १९५१ साली. नव्या रानातल्या पोराला 'हे आपलं' असं म्हणायला इथं तीन-तीन पिढ्या लागल्या. लॉराच्या गोष्टी वाचून आपल्या पूर्वजांचं गोड चित्र रंगवण्याआधी हे ध्यानात ठेवावं.

आणखी एक गोष्ट गोष्टींच्या पुस्तकात पुसट होते. रान रिकामं नसतं. इंगल्स कुटुंबानं कॅन्ससमध्ये घर बांधलं ते ओसेज लोकांच्या राखीव जमिनीवर, आणि १८७१ मध्ये ते सोडून निघावं लागलं. आपल्याकडेही आर्वी-कारंज्याच्या डोंगरपट्ट्यात आधीपासून गोंड होते. ज्याला एका पोराचं नवं रान म्हणायचं, ते दुसऱ्या पोराचं जुनं रान असतं.

आता मुलीच्या खऱ्या प्रश्नाकडे येऊ : पोरं रमली कशी?

लॉराचं घर माळावर एकटं असायचं. आपल्याकडे एकटं घर कुणी बांधत नसे. पाच-दहा घरं मिळून यायची, आधी मारोती बसायचा, मग आखर ठरायचं, म्हणजे सकाळी गावची गुरं जमण्याची जागा. शेत कोसभर लांब असलं तरी झोपायला गावात. त्यामुळे पोराला पहिल्या दिवसापासून चार पोरं मिळायची. माझ्या मते रुळण्याचं अर्धं गुपित इथंच आहे. माळावरच्या लॉराला कित्येक दिवस घरच्यांखेरीज कुणी दिसत नसे. इथल्या पोराला एकटं राहायचं म्हटलं तरी जमलं नसतं.

उरलेलं अर्धं साधायचं ते कामानं. काळ्या मातीची ओळख पोराला पायांतून व्हायची. उन्हाळ्यात भेगा अशा की पोराचा पाय आत जावा, आणि मृग लागला की तीच माती पायाला किलोकिलोनं चिकटते. त्यात कुंदा. या गवताची मुळं हातभर खोल जातात, वखरानं हटत नाहीत, कुदळीनं खणून एकेक काढावी लागतात. बाप खणायचा, पोरगं मुळं वेचून धुऱ्यावर टाकायचं. एक तुकडा राहिला की पुढल्या पावसाळ्यात पुन्हा हिरवं. त्या पोरानं आपल्या शेताचा कोपरा न् कोपरा हातानं चाचपलेला असे. काळी कुठं संपते, मोरंड कुठं लागते, खरडीचा पट्टा कुठला, बरड कुठला, हे तलाठ्याच्या कागदाआधी त्याला ठाऊक असे.

पेरणीच्या आधीचं एक काम तर खास पोरांचंच. सरकीला तूस चिकटलेलं असतं, त्यामुळे बिया एकमेकींना धरून राहतात आणि पेरताना नळीतून सुटत नाहीत. म्हणून अंगणात बाज टाकायची, तिच्यावर सरकी ओतायची, वर शेण-मातीचा ओला काला, आणि तळव्यांनी घासत राहायचं. तूस बसतं, सरकी गुळगुळीत होऊन बाजेच्या विणीतून टपटप खाली पडते. दोन भावंडं बाजेच्या दोन बाजूंना, कोपरापर्यंत शेणात. आता कंपनीच्या पाकिटातलं तूस काढलेलं, रंगवलेलं बियाणं येतं, त्यामुळे तुमच्या मुलीला हे सांगूनच कळेल. (सांगून भागत नसेल तर कुणा म्हाताऱ्याकडून बाजेवर करून दाखवा, पण नंतर बाज धुवायची तयारी ठेवा.)

जवारी दाण्यावर आली की राखण. मचाणावर पहाटे चढायचं, कारण पोपट उजाडताच उतरतात. गोफणीत मातीचा गोळा, एका हाताशी ठोकायला फुटका डबा, न्याहरीला जवारीची भाकर. पलीकडच्या शेतातल्या मचाणावरही पोरगंच बसलेलं. दिवसभर दोघं एकमेकांना हाका मारून बोलत. दोस्तीही अशीच व्हायची आणि 'तुझ्याकडचे पोपट माझ्याकडे हाकलतोस' म्हणून भांडणही. मग गुरं. आठ-नऊ वर्षांचं पोरगं गायकीवर गेलं की पाणवठे, बोरींची झाडं, पडीचे तुकडे त्याच्या ओळखीचे व्हायचे. मोठ्या माणसाला शिवार सातबाऱ्यासारखं दिसतं, पोराला वाटांसारखं.

हे सगळं मजेचं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. हे बालकामच होतं, आणि शाळा त्यात गेली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या लागोपाठच्या दुष्काळांनी कित्येक घरं पुन्हा बंडीत बसवली. लॉराच्या घरच्या पिकावर मिनेसोटात टोळधाड पडली होती, इथं पाऊसच पडला नाही.

पण पोरांच्या वाट्याचा एक दिवस विदर्भानं राखून ठेवला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा : लाकडी नंदी घेऊन दारोदार जायचं आणि बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मागायचा. आपल्या जिल्ह्यात सिंदी (रेल्वे) इथला तान्हा पोळा पंचक्रोशीत नाव राखून आहे. कालच आलेल्या घरचं पोरगंही नंदी ओढत आलं की त्याला कुणी 'कोण गावचा?' विचारत नाही, बोजारा देतात. बाहेरून आलेल्याला गावात घ्यायची याहून सोपी रीत मला माहीत नाही.

आता जवळच्या काळातलं पाहा. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणात आपल्या राज्यातली अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. १९७९ च्या नर्मदा लवादाच्या निवाड्यानुसार पाव हिश्शाहून जास्त जमीन जाणाऱ्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर पर्यायी जमीन. १९९० च्या दशकात डोंगरातली भिल्ल, पावरा कुटुंबं खाली तळोदा तालुक्यात सोमावल, रोझवा अशा वसाहतींत आली. कागदावर हे रोझच्या आईवडिलांपेक्षा बरं : जमीन नावावर, विहीर, शाळा. पण डोंगरात एकेक घर आपापल्या टेकाडावर, शेजारी शेत, खाली नदी. वसाहतीत रांगेतले प्लॉट. मासे नाहीत, मोहाची झाडं नाहीत, आणि सर्वांत मोठं म्हणजे चराई नाही. त्यातून जी वनजमीन त्यांना दिली तिच्यावर आधीचे स्थानिक आदिवासी कसत होते, म्हणून सुरुवात वैरानं झाली. त्या वसाहतींतल्या पोरांना गुरं राखायला जागाच नव्हती. मचाण-गायकीतून रानाशी जी ओळख व्हायची, तिची सोय पुनर्वसनाच्या आराखड्यात नसते. घरं मोजली जातात, विहिरी मोजल्या जातात. पोरांनी भटकायचं रान मोजणारा रकाना मी कुठल्या आराखड्यात पाहिला नाही.

जी पोरं मागे डोंगरात राहिली त्यांच्यासाठी नर्मदा बचाव आंदोलनानं चिमलखेडी, निमगव्हाण इथं जीवनशाळा उघडल्या. तो वेगळा आणि मोठा विषय आहे, पुन्हा केव्हातरी.

मुलीनं रोझबद्दल विचारलंच तर खरं ते सांगा. रोझ मिसूरीत रमली नाही. सफरचंदाची कलमं फळायला वर्षं गेली, गरिबीचे कपडे घालून मॅन्सफील्डच्या शाळेत जायचं तिला लाजिरवाणं वाटे, आणि पुढे मोठेपणी तिनं आपलं बालपण दुःखाचं होतं असंच सांगितलं. सतराव्या वर्षी ती शिकायला लुइझियानाला आत्याकडे गेली आणि तारायंत्राची नोकरी धरून बाहेर पडली. शेत आईवडिलांनी चाळीसवरून दोनशे एकरांच्या आसपास नेलं. त्यांच्यासाठी तिथं नवं घर मात्र १९२८ मध्ये रोझनंच बांधून दिलं.

आणि सासऱ्यांच्या सांगीचा माग काढायचा असेल तर दोन प्रकारचे कागद पाहा. एक, तुमच्या मौजाची बंदोबस्ताची मिसल आणि १९५४-५५ चा अधिकार अभिलेख. त्यात आडनावं आणि कुळांचे हक्क लागतात. दुसरं, निस्तार पत्रक. ते सहसा कुणी मागत नाही, पण गावची चराई, आखर, पाणवठे, गाडीवाटा त्यातच नोंदलेल्या असतात. तहसील किंवा भूमी अभिलेख कार्यालयात रीतसर नकलेचा अर्ज करावा लागेल. मिळालं तर मुलीला घेऊन धाम नदीच्या काठी जा आणि नोंदीतली किती चराई शिल्लक आहे ते तिलाच मोजू द्या.