प्लेटवालं सीट कव्हर: आधी शिवा, मग कापा

मैत्रिणींनो, गाडी आतून पार बदलून देण्याचा धंदा दिलीप छाब्रियांच्या डीसी डिझाइननं नावारूपाला आणला. आपल्या वाशीम जिल्ह्यात तेवढं मोठं काम नसलं, तरी दसरा किंवा पोहरादेवीची रामनवमीची यात्रा जवळ आली की ऑटो, जीप, बोलेरोच्या सीटा नव्या करायची आठवण होते. ब्लाउज शिवणारीला हे काम जमते. फक्त एक सवय मोडावी लागते.

ब्लाउजला आपण आधी कापतो, मग शिवतो. इथं उलटं आहे. रेक्झिनखाली फोम ठेवून शिलाई मारली की फोम दबतो, रेक्झिन आत ओढलं जातं आणि रुंदी कमी होते. मापात कापलेला तुकडा शिवल्यावर अपुरा पडतो. रेक्झिन उसवून पुन्हा वापरता येत नाही, कारण सुईचं भोक बुजत नाही. म्हणजे गटाच्या पैशाचा माल वाया.

म्हणून आधी नमुना शिवा. १२ इंचाचं रेक्झिन, खाली फोम, फोमखाली सुती कापड. कापड नसलं तर फोम मशीनच्या दात्यात अडकतो. २-२ इंचावर ५ शिलाया मारा आणि पुन्हा मोजा. समजा तुकडा ११ इंच ३ सूत भरला, तर ५ सूत गेलं, म्हणजे दर शिलाईला १ सूत. फोम जाड असला तर जास्त जाईल, म्हणून दर नव्या मालाला नमुना नवा.

आता सीटचा मधला भाग २० इंच हवा आणि प्लेटी १० हव्यात. तर खुणा २ इंचावर नको, २ इंच १ सूतावर करा. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच जोडशिलाईचा. तुकडा २३ इंचाचा घ्या, सगळ्या प्लेटी शिवा, मगच जुन्या कव्हरचा साचा मधोमध ठेवून कापा. गिऱ्हाइकाला भाव सांगतानाही माल २३ इंचाचा धरा, २० चा नाही. जुनं कव्हर उसवायलाही वेळ जातो, त्याची मजुरी लावायला लाजू नका.

शिवताना मधल्या रेषेपासून सुरू करून बाहेर जा. प्रत्येक रेष वरून खालीच शिवा. एक खाली, एक वर केली की प्लेटी तिरप्या होतात. बैठक आणि पाठ यांच्या रेषा एकमेकींसमोर आल्या पाहिजेत, गिऱ्हाईक पहिलं तेच पाहते. खुणा खडूनं करा, बॉलपेनची शाई रेक्झिनमधून जात नाही. टाचण्या नको, चिमटे लावा. सुई १८ नंबरची, दोरा नायलॉन किंवा पॉलिएस्टर, इंचाला ६-७ टाके. टाके बारीक घातले तर रेक्झिन पोस्टाच्या तिकिटासारखं त्या रेषेवर फाटते. फूट चिकटत असला तर रेक्झिनवर पातळ कागदाची पट्टी ठेवून शिवा, मग ओढून काढा.

पातळ फोमच्या प्लेटी घरच्या पायमशीनवर होतात. पायपिंगची जोडशिलाई मात्र पाच-सहा थरांची असते; तिला जाड कामाचीच मशीन हवी, घरच्या मशीनवर जोर करू नका. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम आहे. त्यात अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पहिलं कर्ज १ लाखापर्यंत, ५ टक्के व्याजानं, अशी तरतूद आहे. गावच्या सीएससी केंद्रात चौकशी करा.

आणि काम घेण्याआधी एक गोष्ट पाहाच. नव्या कारच्या पुढच्या सीटच्या बाजूला ‘एअरबॅग’ लिहिलेली छोटी पट्टी शिवलेली असली, तर ती पिशवी अपघातात त्याच बाजूची शिलाई फाडून बाहेर येते. वरून आपलं मजबूत कव्हर असलं तर ती अडकेल आणि आतला माणूस जखमी होईल. अशा सीटची बाजू झाकायची नाही, तिथली शिलाई उसवायची नाही. गिऱ्हाईक अडून बसलं तर सरळ सांगा, दादा, हे काम आम्ही करत नाही.