संधिसाधू जंतूंची सुई

'संधिसाधू' हा शब्द आपण बहुधा राजकारणातील माणसांसाठी वापरतो. वैद्यकशास्त्रात तो काही जंतूंनाही लावतात. निरोगी माणसाला जे सहसा अपाय करीत नाहीत, पण त्वचा भाजली, शरीरात नळी घातली किंवा प्रतिकारशक्ती खालावली की डोके वर काढतात, ते संधिसाधू जंतू होत.

स्यूडोमोनस एरुजिनोसा हे त्याचे ठळक उदाहरण. १८८२ साली कार्ल गेसार या फ्रेंच शास्त्रज्ञाने जखमेच्या पट्टीवरील निळसर-हिरव्या पुवातून तो वेगळा काढला. माती, पाणी, मोरी, नळाची तोटी अशा ओलसर जागी तो राहतो. मग आपल्याला तो रोज का बाधत नाही? कारण धडधाकट त्वचा ही भिंत आहे. परंतु भिंत पडली म्हणून लगेच रोग होतो असेही नाही. आत शिरल्यावर लढण्यासाठी हत्यार लागते. ते हत्यार म्हणजे स्रावयंत्रणा.

या जंतूच्या पेशीला दोन पटले असतात. आत तयार झालेली विषारी प्रथिने ही दोन्ही पटले ओलांडून बाहेर गेली पाहिजेत. त्यासाठी त्याच्यापाशी निरनिराळ्या यंत्रणा आहेत आणि शास्त्रज्ञांनी त्यांना क्रमांक दिले आहेत. दुसऱ्या प्रकारची यंत्रणा विष भोवताली सोडते. त्यातील एक विष, घटसर्पाच्या विषाप्रमाणेच, आपल्या पेशीतील प्रथिननिर्मिती बंद पाडते.

तिसरा प्रकार अधिक विलक्षण आहे. ती अक्षरशः सुई आहे! आपल्या पेशीचा स्पर्श होताच जंतू या पोकळ सुईतून प्रथिने थेट तिच्या आत सोडतो. 'एक्सो-एस' हे प्रथिन जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींना पंगू करते, तर 'एक्सो-यू' पेशीचे पटलच फोडते. म्हणजे पहारेकरीच आधी गारद होतात.

सहाव्या प्रकारची यंत्रणा या जंतूत २००६ साली उजेडात आली. ती मुख्यतः शेजारच्या जंतूंवर चालते. यावरून ध्यानात येते की ही सारी हत्यारे केवळ माणसासाठी घडलेली नाहीत. मातीत अमीबासारखे भक्षक आणि इतर जंतू यांच्याशी झगडताना ती उपयोगी पडतात. आपण त्या झगड्यात मध्येच सापडतो, इतकेच.

हा जंतू अनेक प्रतिजैविकांना दाद देत नाही. म्हणून त्याला न मारता त्याची सुईच बोथट करता येईल काय, यावर आज संशोधन चालू आहे. ते होईल तेव्हा होवो. आपल्याकडे मात्र भाजलेल्या माणसाला भेटायला सारा गाव लोटतो. कुणी न धुतलेल्या हाताने अंगावरून हात फिरवतो, कुणी जखमेवर घरगुती लेप लावतो. त्यामागे माया असते, यात शंका नाही. पण जंतूला हवी असलेली संधी आपणच तर देत नाही ना? सुई जंतूची असली तरी दार बंद ठेवणे आपल्या हाती आहे. निदान रुग्णापाशी जाण्यापूर्वी साबणाने हात धुणे एवढे तरी आपण करू शकतो.