भातावरील कडाकरपा व जनुकांतील दुरुस्ती

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचा निर्वाह भातशेतीवर चालतो. एका हंगामाचें पीक बुडालें म्हणजे घरांत धान्य नाहीं आणि सावकाराचें देणें मात्र वाढतें, हें त्यांस सांगणें नको. म्हणून भाताच्या एका रोगाविषयीं, आणि त्यावर विद्वानांनीं शोधलेल्या नव्या उपायाविषयीं, या पाठांत विचार करूं.

१. रोगाची ओळख. — कडाकरपा हा रोग एका सूक्ष्म जंतूपासून होतो. पानाच्या कडेस पाणी बाहेर टाकणारीं जीं बारीक छिद्रें असतात त्यांतून, किंवा जखमेंतून, हा जंतु आंत शिरतो. यामुळें पान शेंड्याकडून व कडेनें पिवळें पडून वाळत जातें. वादळी पाऊस आणि एका खाचरांतून दुसऱ्यांत वाहणारें पाणी यांच्या योगें रोग पसरतो; नत्रखत अधिक झाल्यास त्याचा जोर वाढतो. रोगट पान कापून स्वच्छ पाण्यांत धरिलें असतां कापल्या जागेंतून पांढुरका स्राव निघतो, ही त्याची खूण होय. जपानांत हा रोग १८८४ सालापासून ठाऊक आहे. आपल्या देशांत तो १९५१ सालीं आजच्या महाराष्ट्रांत आढळला, आणि १९६३ सालीं बिहारांत त्याची मोठी सांथ आली. एकदां पसरल्यावर औषधाचा फारसा उपयोग होत नाहीं. खरा आधार बियाण्याच्या अंगच्या शक्तीचाच.

२. चोर आंत कसा येतो? — रोपाच्या प्रत्येक पेशींत वंशगुणांच्या आज्ञा लिहिलेल्या असतात. त्यांस जनुकें म्हणतात. कांहीं जनुकें पेशींतील साखर बाहेर सोडवितात. रोगजंतु आपलें एक प्रथिन पेशींत सोडतो. तें साखरेच्या जनुकाच्या आरंभीं ठरलेल्या अक्षरांवर, कुलुपांत किल्ली बसावी तसें बसतें. आणि रोपाची साखर जंतूच्या तोंडीं जाते. याप्रमाणें रोप स्वतःच वैऱ्यास पोसतें.

३. उपाय कोणता? — ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत एका वेलांटीचाच भेद, पण अर्थ किती निराळा! तसेंच त्या कुलुपाचीं कांहीं अक्षरें पालटलीं कीं किल्ली बसत नाहीं. अमेरिकेंतील आयोवा येथील संशोधकांनीं २०१२ सालीं असें एक कुलूप बदलून रोगास आळा घातला. त्याच वर्षीं जेनिफर डाउडना व एमान्युएल शारपांतिये यांनीं क्रिस्पर नांवाची अधिक सोपी कात्री प्रसिद्ध केली. त्याबद्दल २०२० सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु निरनिराळ्या जंतूंजवळ निरनिराळ्या किल्ल्या असतात. म्हणून २०१९ सालीं अनेक देशांच्या संशोधकांनीं मिळून तीन जनुकांचीं कुलुपें एकत्र बदललीं, व आयआर ६४ सारख्या वाणांत पुष्कळ प्रकारच्या जंतूंस तोंड देण्याची शक्ति आणिली.

४. रोपांत परका अंश राहतो काय? — कात्रीचें काम झाल्यावर तिचा अंश नसलेलीं रोपें पुढील पिढ्यांतून निवडून काढतां येतात. उरतो तो केवळ अक्षरांचा बदल. असा बदल आपोआप झालेलीं भातेंहि आहेत. त्यांतील एक गुण हैद्राबादच्या संशोधकांनीं संकराच्या जुन्या मार्गानें सांबा मसुरी भातांत उतरविला आहे.

५. सावधगिरी. — ज्यांत परकें जनुक उरलेलें नाहीं अशा संपादित पिकांस भारत सरकारनें २०२२ सालीं कडक नियमांतून सूट दिली. ४ मे २०२५ रोजीं कमला व पुसा डीएसटी १ हीं दोन भातें जाहीर झालीं. पण त्यांचा हेतु अधिक उत्पन्न व खाऱ्या जमिनींत तग धरणें हा होता, कडाकरपा नव्हे. यास्तव कोणी “नव्या विद्येचें बीं, करपा येणारच नाहीं” असें म्हणून पैसे मागूं लागला, तर वाणाचें नांव व प्रमाणपत्र पाहिल्यावांचून एक दाणाहि घेऊं नये. शिवाय जंतूहि बदलतो. कोणतेंहि कुलूप कायमचें नसतें. निरोगी बियाणें, बेतानें नत्रखत आणि शेतांत रोजची फेरी, यांची गरज नव्या वाणानेंहि संपणार नाहीं.

मनन करण्यासाठीं प्रश्न :
१. कडाकरपा पानाच्या कडेपासून कां सुरू होतो?
२. एकच कुलूप बदलणें पुरेसें कां नाहीं?
३. आपल्या गांवांत बियाणें घेतांना कोणती चौकशी होते, व कोणती राहून जाते?