अंगणातील करवंदी

वैशाख महिना सुरू झाला, की कोल्हापूरच्या रस्त्यांवर एक ओळखीची हाक ऐकू येऊ लागते : "डोंगराची काळी मैना!" पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी या बाजूंच्या डोंगरांतून पहाटेच निघालेल्या बायका डोक्यावर टोपल्या घेऊन शहरात येतात. टोपलीवरचे ओले फडके दूर केले, की आत काळीभोर, टपोरी करवंदे चमकत असतात. पानाच्या द्रोणात ती भरून घ्यावीत आणि रस्त्यातच खेळ सुरू करावा. करवंद फोडून ते आतून लाल निघाले तर कोंबडा, पांढरट निघाले तर कोंबडी! हा खेळ ठाऊक नाही, असा मुलगा आमच्या भागात तरी सापडणे कठीण.

पण मुलांनो, हीच करवंदी कोणी हौसेने अंगणात लावलेली तुम्ही पाहिली आहे काय? गुलाब, मोगरा, जास्वंद यांना अंगणात मान असतो. करवंदी मात्र रानची, काटेरी, म्हणून ती रानातच राहते. मलाही बारा वर्षांचा होईपर्यंत तसेच वाटत असे.

त्या वर्षी मे महिन्यात मी करवंदांच्या चपट्या बिया धुऊन, चांगल्या आठ दिवस उन्हात वाळवून काड्यापेटीत भरून ठेवल्या. गहू-ज्वारीचे बियाणे वाळवून ठेवतात, हे मी पाहिले होते. दिवाळीच्या सुट्टीत मी त्या मोठ्या थाटाने कुंडीत पेरल्या. रोज पाणी घातले. एक महिना गेला, दोन गेले. कुंडीत तण उगवले, करवंदी काही उगवली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या दारी नेहमी येणाऱ्या करवंदेवाल्या आजींना मी ही तक्रार सांगितली. टोपली खाली ठेवून त्या खळखळून हसल्या.

"आरं लेकरा, करवंदाचं बी वाळलं की त्यातला जीव गेला. फळ खाल्लं की त्याच दिशी बी मातीत घालायचं. पाखरं काय बी डबीत भरून ठेवत्यात व्हय?"

पुढे वनस्पतिशास्त्राची पुस्तके वाचू लागलो, तेव्हा आजींचे म्हणणे अक्षरशः खरे असल्याचे मला आढळले. काही झाडांच्या बिया वर्षानुवर्षे निजून राहतात आणि ओल मिळताच जाग्या होतात. करवंदीची बी तशी नाही; तिची उगवण्याची शक्ती थोड्याच दिवसांत कमी होत जाते. रानात बुलबुलासारखे पक्षी फळ गिळतात आणि बी दुसरीकडे टाकतात. तोवर पावसाळा जवळ आलेला असतो. बीला वाट पाहावी लागत नाही, म्हणून तिला वाट पाहण्याची सवयही नाही.

त्याच संध्याकाळी मी तेलाच्या रिकाम्या डब्याला खाली भोके पाडली, तळाशी खापऱ्या घातल्या, माती आणि कुजलेले शेणखत भरले आणि ताज्या पंधरा बिया बोटाच्या अर्ध्या पेराइतक्या खोल पेरल्या. तिसऱ्या आठवड्यात पहिला कोंब वर आला. पंधरांपैकी नऊ उगवल्या. त्या आनंदात मी दोन दिवस शेजाऱ्यापाजाऱ्यांना डबा दाखवत हिंडलो.

रोपे वर्षभर डब्यातच वाढवली आणि पुढच्या मृगात जमिनीत लावली. येथे एक अडचण होती. आमच्याकडची माती पंचगंगाकाठची, काळी आणि चिकण. पावसाळ्यात ती पाणी धरून बसते. करवंदीला डोंगराचा उतार आणि मुरमाड, जांभ्याची माती प्रिय. खडकाळ जागा तिला चालते, उन्हाळ्याची तहानही ती सोसते, पण मुळाशी साचलेले पाणी तिला सोसत नाही. म्हणून हातभर खोल खड्डा खणून त्यात मुरूम मिसळला आणि जागा थोडी उंच केली. एक रोप अंगणाच्या कोपऱ्यात भर उन्हात लावले. उरलेली परसाच्या कडेला दोन-दोन फुटांवर, कुंपणासाठी.

कुंपणासाठी करवंदी फार जुन्या काळापासून वापरात आहे. तिचे काटे टणक असतात, पुष्कळदा टोकाशी दुभंगलेले असतात. गुरे तिच्यात शिरत नाहीत. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने हिंदुस्थानात मिठावर जबर कर बसवला होता. तो चुकवून कोणी मीठ नेऊ नये, म्हणून उत्तर व मध्य हिंदुस्थानातून शेकडो मैल लांबीचे जिवंत कुंपण वाढवण्यात आले. त्यात बाभूळ, बोर, निवडुंग यांच्या जोडीला करवंदीही होती. १८७९ साली ती जकातसीमा रद्द झाली आणि कुंपणही ओस पडले. गरिबाला चिमूटभर मीठ मिळू नये म्हणून लावलेल्या त्या करवंदीची फळे कोणी खाल्ली असतील, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

असो. आपण अंगणात परत येऊ. पहिली दोन वर्षे माझी करवंदी अगदी मंद वाढली. पण ती पाहण्याजोगी मात्र होती. आषाढात तिची जाड, तुळतुळीत पाने धुऊन पुसल्यासारखी दिसत. नव्या पालवीला तांबूस छटा असे. माघात शेजारच्या चाफ्याच्या नुसत्या काठ्या उरल्या, तेव्हाही ही हिरवीगार! फांदीवरचे पान तोडले, की देठातून पांढरा चीक येई. हा चीक तिचे कूळ सांगतो : कण्हेर, सदाफुली आणि चाफा ही सारी तिची भावंडे. त्यांपैकी कण्हेर चांगलीच विषारी आहे. म्हणून करवंदीचे फळ गोड लागले, तरी तिच्या नातलगांची फळे चाखून पाहण्याच्या भरीस कोणी पडू नये. या झुडपाच्या एका जातीला लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७६७ साली 'कॅरिसा कॅरँडस' असे नाव दिले. नाव लॅटिन वळणाचे असले, तरी 'कॅरँडस' या शब्दात आपल्या करवंदाचा आणि हिंदीतील करौंद्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो.

तिसऱ्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. झुडूप वेडेवाकडे पसरले, म्हणून पौष महिन्यात मी कात्री घेतली आणि त्याला छान गोल आकार दिला. सर्वांनी वाखाणले. पण फाल्गुन आला, गेला; एकही फूल नाही! करवंदीची फुले फांद्यांच्या शेंड्यांवर झुबक्याने येतात आणि ते सारे शेंडे मी माझ्याच हाताने कापून टाकले होते. छाटायचेच असेल, तर फळे संपल्यावर, पावसाच्या तोंडाशी छाटावे, म्हणजे नव्या फांद्यांना वाढायला पुरता वेळ मिळतो.

त्याच उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या पायात करवंदीचा काटा मोडला. पाय सुजला, तिला दोन दिवस चालता येईना. आबा रागावले.

"फूल नाही, फळ नाही, नुसते काटे! पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बघतो. नाही काही आले, तर कुदळ घालतो."

आबांचा राग अनाठायी नव्हता. झुडूप जाण्यायेण्याच्या वाटेपासून चार हात दूर लावायला हवे होते, हे मला सुचले नव्हते. वाटेकडच्या खालच्या तेवढ्या फांद्या मी काढल्या आणि बाकी झुडपाला हात लावला नाही. ते वर्ष मला फार लांब वाटले.

माघ संपता संपता शेंड्यांवर गुलाबी टोकांच्या बारीक कळ्या दिसल्या. पाहता पाहता पाच पाकळ्यांच्या पांढऱ्या चांदण्यांनी झुडूप भरून गेले. सुगंध जाईच्या जवळचा. संध्याकाळी तो ओसरीपर्यंत येई. आबा काही बोलले नाहीत, पण त्यांची खुर्ची रोज त्या कोपऱ्याकडे थोडी थोडी सरकत होती. चैत्रात हिरव्या फळांचे घोस लोंबू लागले. काही आईने लोणच्यासाठी काढली. कच्च्या करवंदात पेक्टिन नावाचा पदार्थ असतो, त्यामुळे त्यांची जेली चांगली घट्ट होते. उरलेली आधी लालसर, मग जांभळी आणि मेच्या पहिल्या आठवड्यात काळी झाली. तेव्हा बुलबुलांची जोडी दिवसभर मुक्कामाला राहू लागली. त्यांचे घरटेही आत काट्यांच्या पहाऱ्यात होते. मांजर खाली बसून नुसते वर पाहत राही.

त्या वर्षी करवंदेवाल्या आजी उशिरा आल्या. टोपली अर्धीच होती.

"आजी, तुम्ही आजारी होता का?" मी विचारले.

"आजारी कशाची? शिमग्यात डोंगराला वणवा लागला. सगळा मोहोर जळाला बघ. पूर्वी गावामागच्या टेकाडावर टोपली भरायची. आता तिथं घरं झाल्यात, आन् लांबच्या डोंगराला आग. दोन कोस चालायचं, तवा एवढी गावत्यात."

गवत चांगले यावे म्हणून कोणी डोंगर पेटवतो. कोणी निष्काळजीपणे विडीचे थोटूक टाकतो. करवंदीचे खोड पुष्कळदा पुन्हा फुटते, पण फुलोरा जळाला की त्या साली फळ नाही. आणि ज्या घरात उन्हाळ्याचे मीठमिरची करवंदांवर निघते, त्या घराचा तो हंगामही गेला.

मी घरात जाऊन पळसाच्या पानाचा द्रोण आणला आणि आमच्या झुडपाची करवंदे भरून आजींपुढे ठेवली. टोपली घेऊन हिंडणाऱ्या आजींना करवंदे खाऊ घालायची, याचे मला थोडे हसूही येत होते. त्यांनी ओसरीच्या पायरीवर बसून एक करवंद उचलले, निरखून पाहिले आणि तोंडात टाकले. आबाही वाट पाहत उभे होते.

"डोंगराच्यापरीस जरा आंबट हाय," आजी म्हणाल्या. मग दुसरे करवंद अंगठ्याने फोडून त्यांनी बहिणीपुढे धरले. "सांग बघू, कोंबडा का कोंबडी?"