कॅबिनेटसोबतचा एसएमपीएस नको

प्रश्न : मुलगी आर्किटेक्चरला आहे. तिच्यासाठी डेस्कटॉप असेंबल करून घेतोय. दुकानदार महागडं ग्राफिक्स कार्ड सुचवतो, एसएमपीएस मात्र कॅबिनेटसोबतचाच चालेल म्हणतो. काय करावं?

उत्तर : तो एसएमपीएस मुळीच घेऊ नका. अशा स्वस्त युनिटवर छापलेले वॅट आणि प्रत्यक्ष मिळणारे वॅट यांत बरेचदा तफावत असते. शिवाय ते जळताना मदरबोर्डलाही घेऊन जाऊ शकतं. चांगल्या कंपनीचा, ‘८० प्लस’ प्रमाणित, ५५० ते ६५० वॅटचा वेगळा घ्या. त्यासाठी ग्राफिक्स कार्ड एक पायरी खालचं घ्यावं लागलं तरी बेलाशक घ्या. ऑटोकॅड, स्केचअपचं बरंचसं काम प्रोसेसरच्या एकाच कोरवर चालतं. रेंडरिंग वाढलं की कार्ड बदलता येईल.

रॅम १६ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्या. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसतात. शेजारीशेजारी लावल्या, तर ड्युअल चॅनेलचा वेग सहसा मिळत नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५ पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, तेव्हा बोर्ड कोणता हे आधी पाहा.

आणि मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच जोडा, मदरबोर्डला नाही.