हाडांची डागडुजी आणि इंजेक्शन

परभणी जिल्ह्यातील झरीसारख्या गावातले एखादे जुने माळवदाचे घर आठवा. खराब माती काढून नवी भरत राहिले, तरच ते टिकते. आपल्या हाडांतही हे काम जन्मभर चालते. काही पेशी जुने हाड पोखरतात, तर काही नवे भरतात. उतारवयात, विशेषतः स्त्रियांची पाळी थांबल्यावर, पोखरणे वाढते आणि भरणे मागे पडते. हाच अस्थिसुषिरता म्हणजे ऑस्टिओपोरोसिस हा विकार.

आता थोडे गणित करू. आतल्या जाळीदार हाडाची ताकद साधारणपणे घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. घनता ०.७ पट उरली, तर ताकद ०.७ × ०.७ = ०.४९ पट, म्हणजे निम्मीच! म्हणूनच अंगणात नुसते घसरल्याचे निमित्त होते आणि आजीचा खुबा मोडतो.

यावरची इंजेक्शने दोन तऱ्हांची आहेत. झोलेड्रॉनिक आम्ल (वर्षातून एकदा, शिरेतून) आणि डेनोसुमॅब (दर ६ महिन्यांनी, त्वचेखाली) पोखरणे रोखतात. टेरिपॅराटाइड (रोज २० मायक्रोग्रॅम) भरणाऱ्या पेशींना कामाला लावते. मग गोळी का नाही? डेनोसुमॅब हे प्रथिन आहे, टेरिपॅराटाइड हा प्रथिनाचाच तुकडा. गिळले तर दोन्ही अन्नासारखी पचून जातील!

एक गोष्ट ध्यानात ठेवा. डेनोसुमॅब मध्येच थांबले, तर पोखरणे उसळून वाढते आणि पाठीचे मणके मोडू शकतात. तेव्हा आजीच्या पुढच्या इंजेक्शनची तारीख तुम्हीच वहीत टिपून ठेवा.

सोडवून पाहा : घनता ०.८ पट उरली, तर ताकद किती उरेल?