झाडू हातात नसेल तर?

बरीच वर्षं वर्तमानपत्रांसाठी फोटो काढतोय. वाचायचा नाद त्याच्याही आधीचा. कोणाला आपल्यात घ्यायचं आणि कोणाला वेशीबाहेर ठेवायचं, यात कॅमेऱ्याचा हात किती असतो, ते मला फोटोंपेक्षा गोष्टींनी जास्त शिकवलं.

१. जात फोटोत येत नाही. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेतला तरुण रेल्वेत नोकरीला लागतो, जात लपवून सवर्ण सहकाऱ्याच्या घरी राहतो आणि ती उघड झाल्यावर बेदम मार खातो. आदल्या दिवशी कोणी त्याचा फोटो काढला असता तर त्यात काय दिसलं असतं? एक होतकरू कामगार. बस्स. त्याच्या पोटातली भीती बागुलांना लिहिता आली. आम्हाला शर्टाचं बटण तेवढं टिपता येतं.

२. दिसत नाही म्हणून आम्ही खुणा शोधतो. झाडू, गटार, फाटका बनियन. त्यात खोटं काही नसतं, पण माणूस त्या खुणेपुरताच उरतो. ही खोड जुनी आहे. विल्यम जॉन्सन या इंग्रज फोटोग्राफरने १८६० च्या दशकात मुंबईतल्या जातीजमातींचा सचित्र ग्रंथ काढला. माणसं एकीकडे टिपायची आणि मागचा देखावा दुसऱ्याच निगेटिव्हवरून जोडायचा, अशी त्यातल्या अनेक फोटोंची कारागिरी. चेहरा कोणाचा, यापेक्षा तो कोणत्या समाजाचा नमुना, याला महत्त्व. (ब्राह्मणही यातून सुटले नाहीत. साहेबाच्या लेखी सगळेच नमुने!)

३. ज्याचा फोटो, त्याला विचारावं. सफाई कामगारांवरच्या एका फोटोमालिकेसाठी एका ताईंना विचारलं, तर म्हणाल्या, “दादा, असल्या अवतारात नको. रविवारी घरी या.” गेलो. हिरवी साडी, गजरा, मागे फ्रिज, त्यावर मुलीच्या बक्षिसांचे कप. ताईंनी आधी पंखा बंद केला, केस उडतात म्हणून. मग खुर्चीत ताठ बसून सरळ लेन्समध्ये बघितलं. माझ्या मते त्या मालिकेतला तोच सर्वांत चांगला फोटो. संपादक म्हणाले, “पण यात सफाई कामगार कुठे दिसतेय?” छापून आला तो कचराकुंडीपाशीचा.

४. खुणेपलीकडचा माणूस दिसायचा, तर त्याच्यासोबत मुक्काम हवा. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर केलेलं कृष्णधवल काम बघावं. घाण त्यात आहेच, ती लपवलेली नाही. पण एका फेरीत उरकलेलं ते काम नव्हे. दयानिता सिंग यांचं ‘मायसेल्फ मोना अहमद’ (२००१) आणखी पुढे जातं. दिल्लीच्या कब्रस्तानात राहिलेल्या मोना या हिजड्याचं हे पुस्तक. फोटो दयानितांचे, पण आपली कहाणी मोना स्वतः प्रकाशकाला पाठवलेल्या ईमेलमधून सांगते. कादंबरीकाराला निवेदक निवडता येतो, तशीच ही निवड.

५. रोजच्या बातमीत एवढी सवड नसते, मान्य. निदान फोटोखाली ‘एक सफाई कामगार’ऐवजी नाव छापता येतं. तेही विचारूनच. मुलाच्या कॉलेजात आपलं काम कळेल, ही धास्ती कित्येकांना असते. अशा वेळी मी आग्रह धरत नाही.